मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, मग सरकारला अडवणार कोण?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातला, सध्या पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतो. आमच्या शिवारातून राष्ट्रीय महामार्गाची आखणी झाली आहे. गेल्या आठवड्यात पेपरात थ्री-एची, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली जमीन घ्यायचा इरादा सांगणारी, जाहिरात आली, गट नंबर छापले होते, त्यात आमचाही आहे. वडिलांच्या नावावर साडेचार एकर. रस्ता बांधाकडेने गेला असता तर एवढं वाटलं नसतं, पण पट्टा बरोबर मधून जातो. विहीर अलीकडे राहते आणि सोयाबीन-हरभऱ्याचं मोठं रान पलीकडे.

इथे अभ्यासिकेत मी पाठ करतोय की ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७८ मध्ये मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला आणि आता तो अनुच्छेद ३००-अ खाली आहे. इतके दिवस हे एक वस्तुनिष्ठ प्रश्नाचं उत्तर होतं. आता त्याच वाक्यात आमचा गट नंबर दिसतो.

माझ्या शेजारी बसणारा मित्र लिबर्टेरियन विचाराचा आहे. त्याचं म्हणणं असं की माणसाचा जीव, त्याचे श्रम आणि श्रमातून उभं राहिलेलं ते सगळं त्याचं. सरकारने त्याचं रक्षण करावं, त्यापलीकडे हात लावला तर ती लूट. दुसरा मित्र चिडून म्हणतो, हे बड्या लोकांचं तत्त्वज्ञान आहे, गरिबाला सरकारशिवाय वाली कोण? मला दोघांचंही थोडं थोडं पटतं आणि त्यामुळेच अडलोय.

गावी फोन केला तर वडील म्हणाले, सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, देतील ते घेऊ.

माझं विचारणं एवढंच. हा लिबर्टेरियन विचार आपल्या राज्यघटनेत कुठे बसतो? आणि हक्क मूलभूत नसेल तर साडेचार एकरवाल्या माणसासाठी सरकारला नेमकं काय अडवतं? कायद्यातलं कळणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कांदेपट्टा

तुझ्या वयाची मुलं माझ्याकडे वडिलांच्या केसची फाइल घेऊन येतात, म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी तारखेचं बघ, तत्त्वज्ञान नंतर. थ्री-ए प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आत त्याच कायद्याच्या थ्री-सी कलमाखाली लेखी हरकत द्यावी लागते. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायची, बहुतेक ठिकाणी तो प्रांताधिकारी असतो. दोन प्रती न्या, एकीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. सुनावणी मागा, ती मागायचा हक्क कायद्याने दिला आहे, वकिलामार्फतही बोलता येतं. एकदा थ्री-डीची घोषणा निघाली की जमीन सगळ्या बोजांतून मोकळी होऊन केंद्र सरकारची होते, मोबदला ठरायचा असला तरी. वडिलांना सांग, जमीन अजून त्यांची आहे आणि सरकारला त्यांचं ऐकून घ्यावं लागतं, असा हा एवढाच काळ आहे. तो गप्प बसून घालवू नका.

आता तुझा प्रश्न. मी निफाड भागातली, जमिनीच्या दाव्यांत आयुष्य गेलेली वकील. कॉलेजात असताना, नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, त्याला आईबरोबर गेले आणि शेतकरी संघटनेची झाले ती कायमची. आमच्या सभांना येणाऱ्या बायका लिबर्टेरियन वगैरे शब्द वापरत नव्हत्या. 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत होत्या. घाम माझा, म्हणून माल माझा, आणि तो कुणाला केवढ्याला विकायचा हे मी ठरवणार. तुझा मित्र पुस्तकातून जिथे पोचला तिथे त्या कांद्याच्या आणि तंबाखूच्या भावावरून पोचल्या होत्या.

या विचाराचा पाया असा की हक्क सरकार देत नाही. सरकार नव्हतं तेव्हाही माणूस जमीन कसत होता, लेकरं वाढवत होता, बोलत होता. राज्यघटना सरकारला काम नेमून देते आणि त्याच कागदावर कुठे थांबायचं तेही लिहून ठेवते. हे थांबणं दुष्ट सरकारपुरतं नसतं. निवडून आलेलं, भल्या हेतूचं, घाईत असलेलं सरकारही तिथेच थांबलं पाहिजे. माझ्या मते खरी अडचण नेहमी या दुसऱ्या प्रकारच्या सरकारची असते, कारण त्याला अडवायला कुणी पुढे येत नाही.

आपल्याकडे ही वेळ फार लवकर आली. घटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली, तेव्हा मालमत्तेचा हक्क अनुच्छेद १९ आणि ३१ मध्ये मूलभूत हक्क होता. मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनदारी संपवणारा कायदा रद्द ठरवला. त्यानंतर जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, पहिली सार्वत्रिक निवडणूकही व्हायची होती. ही दुरुस्ती हंगामी संसदेने केली. याच दुरुस्तीत बोलण्या-लिहिण्यावरची बंधनंही वाढवली, ते फार लोकांना माहीत नसतं. आणि याच दुरुस्तीतून अनुच्छेद ३१-ब आणि नववं परिशिष्ट आलं.

नववं परिशिष्ट म्हणजे एक यादी. त्या यादीत एखादा कायदा घातला की मूलभूत हक्कांचा भंग झाला म्हणून न्यायालयाला तो रद्द करता येत नाही (१९७३ नंतर घातलेल्यांचा अपवाद २००७ मध्ये आला). न्यायालयाने आधीच रद्द केलेला असेल तरी यादीत गेल्यावर तो परत जिवंत होतो. अरे, याचा अर्थ नीट बघ. सरकारच्या हातून हक्क मोडला गेला तर दाद मागायचं दार घटनेने ठेवलं होतं, आणि कुठल्या कायद्यापुरतं ते बंद ठेवायचं हे ठरवायची मुभा ज्याच्याविरुद्ध दाद मागायची त्यालाच मिळाली.

सुरुवातीला त्या यादीत १३ कायदे होते. आज २८४ आहेत, बहुतांश जमिनीचे. जमीनदारी मोडायला केलेली सोय १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने रयतवारीतल्या साध्या शेतकऱ्यापर्यंत आणली. महाराष्ट्राचा १९६१ चा सीलिंगचा कायदा तेव्हाच यादीत गेला. आता मला सांग, जिरायतीची ५४ एकर आणि बारमाही बागायतीची १८ एकर ही मर्यादा शेतकऱ्यालाच का? शहरातल्या जमिनीवरचा कमाल धारणेचा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये मोडीत काढला. शेतकऱ्याचा तसाच आहे.

पुढे आणीबाणीत, १९७६ मध्ये, चाळिसाव्या दुरुस्तीने आवश्यक वस्तू कायदाही त्याच यादीत नेऊन ठेवला. त्याचा जमीनदारीशी काडीचा संबंध नाही. व्यापाऱ्याने कांदा किती साठवायचा हे सरकार याच कायद्याने ठरवतं, आणि साठ्यावर मर्यादा आली की लासलगावच्या लिलावात भाव कोसळतो. सोसावं लागतं ते कांदा पिकवणाऱ्याला. 'बड्या लोकांचं तत्त्वज्ञान' म्हणणाऱ्या तुझ्या मित्राला एकदा आमच्याकडे पाठव. बड्या माणसाला मूलभूत हक्काची गरज कमी पडते. त्याच्याकडे मंत्रालयात ओळख असते, चांगला वकील असतो, दुसरीकडे जागा असते. घटनेतल्या ओळीवाचून ज्याचं चालतच नाही तो साडेचार एकरवाला.

१९७८ चं तर मला आजही फार लागतं. जनता पक्षाचं सरकार आणीबाणीच्या अनुभवातून आलेलं होतं. ४४ व्या दुरुस्तीने त्यांनी जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी व्यवस्था केली. हे त्यांचं मोठं काम, आणि मी ते कृतज्ञतेने सांगते. त्याच दुरुस्तीने त्यांनी मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून उचलला. तुरुंगात बसून आलेल्या माणसांना एवढं कळलं की शरीर सरकारच्या ताब्यात जाता कामा नये, पण पोट भरायचं साधन सरकारच्या मर्जीवर असेल तर माणूस किती दिवस मोकळा बोलेल, हा विचार त्यांनी केला नाही.

हा फरक पैशांत कसा उतरतो ते महामार्गाच्याच कायद्यात दिसेल. १९९७ मध्ये राष्ट्रीय महामार्ग अधिनियमात थ्री-ए ते थ्री-जे ही कलमं घातली. भूसंपादनाच्या सर्वसाधारण कायद्यात जमीन सक्तीने गेली म्हणून बाजारभावावर वेगळी दिलासा रक्कम, सोलेशियम, मिळायची. तेव्हा ती ३० टक्के होती. थ्री-जेने तो सर्वसाधारण कायदा महामार्गाला लागूच होणार नाही असं ठरवलं. एकाच गावात कालव्याला जमीन गेली त्याला सोलेशियम, रस्त्याला गेली त्याला नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थ्री-जे त्या मर्यादेत रद्द केलं, आणि ते समानतेच्या हक्कावर, अनुच्छेद १४ वर केलं. मालमत्तेचा हक्क जागेवर असता तर एवढी वर्षं लागली असती असं मला वाटत नाही.

हक्क मूलभूत नसल्याचा रोजचा फटका असा की त्याच्यासाठी अनुच्छेद ३२ ने सरळ सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. उच्च न्यायालयात २२६ खाली जाता येतं, म्हणजे दार आहे, पण लांब आहे.

हे मी घरातही बघितलं. लक्ष्मीमुक्तीच्या, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करायच्या संघटनेच्या मोहिमेच्या वेळी वडिलांनी दीड एकर आईच्या नावावर केली. सातबाऱ्यावर आपलं नाव बघून ती रडली होती. पुढे त्यातून पोटचारी खणली गेली. नोटीस नाही, मोजणी नाही, मोबदला नाही. कार्यालयात विचारलं की फाइल वर पाठवली म्हणून सांगायचे. शेवटी उच्च न्यायालयात रिट केली तेव्हा ३००-अ वर दाद मिळाली. म्हणून मी ३००-अ ला हिणवत नाही. जेवढं शिल्लक आहे तेवढं घट्ट धरायचं आणि गेलेलं परत मागत राहायचं.

बाणकोट

वकीलताई, तुमचं लिखाण मनापासून वाचलं, पण माझ्या घरचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझे पणजोबा खोताचं कूळ. भाताची रास खळ्यावर पडली की आधी खोताचा वाटा, वर वेठबिगार, खोताच्या घरच्या कार्याला फुकट राबणं. अलिबागजवळ चरीला शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला, जमिनी ओसाड ठेवल्या, उपाशी राहिले. डॉ. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. आणि आमच्या नावावर जमीन कधी लागली? कूळकायद्याने, १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला.

तुम्ही नवव्या परिशिष्टाला नावं ठेवता. पहिल्या १३ कायद्यांत आमचा मुंबई कूळकायदा आहे आणि खोती रद्द करणारा कायदाही आहे. ते कुलूप नसतं तर सगळे खोत 'आमचा मूलभूत हक्क' म्हणत दिल्लीपर्यंत गेले असते आणि आमच्या दोन पिढ्या तारखा करण्यात संपल्या असत्या. पाटण्याचा निकाल हाच त्याचा पुरावा. हक्काची भाषा ऐकायला छान वाटते, पण ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याला तुमच्या लिबर्टेरियन घटनेने काय दिलं असतं? बाबासाहेबांनी तर १९४७ च्या निवेदनात शेतजमीन सरकारच्या मालकीची करा असंच मांडलं होतं.

कांदेपट्टा

बाणकोटकर, तुमच्या पणजोबांच्या बाजूने मी आज कोर्टात उभी राहीन, आणि ते माझ्या विचाराला धरूनच असेल.

खोताकडे काय होतं? सारा गोळा करायचा अधिकार, जो सत्तेने दिला होता, आणि त्या सत्तेच्या जोरावर दुसऱ्याच्या कष्टातून काढलेला वाटा. वेठ म्हणजे तर माणसाच्या शरीरावरच मालकी. माणसाचे श्रम त्याचे स्वतःचे, हे एकदा मानलं की पहिलं कोसळतं ते खोताचं आसन. जमीन कसणारा पिढ्यान् पिढ्या तिथे राबत होता, सर्वांत जुना दावा त्याचाच. सत्तेने दिलेला विशेषाधिकार काढून घेणं आणि माणसाने कमावलेलं काढून घेणं, यांतला फरक न्यायालयात दाखवता येतो आणि दाखवायला हवा होता. घाईत तो फरक पुसला गेला, म्हणून खोतासाठी केलेलं कुलूप पुढे तुमच्या-माझ्या दाराला लागलं.

दोन पिढ्या तारखा करण्यात गेल्या असत्या म्हणता, तर १९५१ चीच हकिकत बघा. पाटण्याने बिहारचा कायदा रद्द केला, पण उत्तर प्रदेशचा कायदा अलाहाबाद उच्च न्यायालयाने आणि मध्य प्रदेशचा नागपूर उच्च न्यायालयाने वैध ठरवला होता. नागपूरचं म्हणजे आपल्या विदर्भाचंही, तेव्हा तो मध्य प्रदेशात होता. पाटण्याचा आक्षेप मुख्यतः मोठ्या जमीनदाराला आणि लहान जमीनदाराला भरपाईचा दर वेगळा लावण्यावर होता. अपिलं सर्वोच्च न्यायालयात पडून होती. तेवढा निकाल येऊ द्यायचा, भरपाईची कलमं नीट लिहायची, हा रस्ता उघडा होता. सरकारला तेवढं थांबायचं नव्हतं.

आणि कूळकायद्याने दिलेली जमीन तुमच्या घरी पूर्ण तुमची झाली का? कलम ४३ आठवा. त्या जमिनीचा व्यवहार करायचा तर परवानगी. मुलीच्या शिक्षणाला, आजारपणाला विकायची झाली तरी अर्ज करा आणि वाट बघा. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, दहा वर्षं उलटलेली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट रक्कम भरून मोकळीक मिळू लागली. १९५७ पासून २०१४ पर्यंत तुमचे लोक मालक होते आणि नव्हतेही. वर कलम ६३, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. गिऱ्हाईक कमी म्हणून भाव कमी. खोत गेला, परवानगी देणारा साहेब आला.

बाबासाहेबांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, त्यांना शेतजमीन सरकारी मालकीची हवी होती आणि तिथे मी त्यांच्याशी सहमत नाही. पण त्या निवेदनातही ती व्यवस्था घटनेतच लिहून टाका, उद्याच्या बहुमताच्या हातात ठेवू नका, असं ते सांगतात. येणाऱ्या प्रत्येक बहुमताला मोकळं रान द्यायला ते तयार नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना, गावाला बाजूला ठेवून व्यक्तीला घटक मानलं याचा आनंद आहे, असं ते म्हणाले. ज्याला गावाने पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्या समाजातून आलेला माणूस हे म्हणतोय. गावाच्या, बहुमताच्या, सार्वजनिक हिताच्या नावाखाली एकट्या माणसाचं काय होतं ते त्यांच्याइतकं कुणी सोसलं होतं?

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. इथल्या घटनेत पाचव्या दुरुस्तीत लिहून ठेवलं आहे की खाजगी मालमत्ता सार्वजनिक वापरासाठी न्याय्य भरपाई दिल्याशिवाय घेता येणार नाही. तरी कनेक्टिकटमधल्या न्यू लंडन शहराने सुझेट केलो यांचं छोटं गुलाबी घर खाजगी विकासाच्या योजनेसाठी मागितलं आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी शहराची बाजू मान्य केली. कारण दिलं की कर वाढेल, नोकऱ्या येतील, म्हणजे सार्वजनिक हितच. योजना बारगळली, शेजारची फायझर कंपनीही काही वर्षांनी निघून गेली आणि ती जागा वर्षानुवर्षे मोकळी पडून होती.

लोक मात्र गप्प बसले नाहीत. पुढच्या काही वर्षांत ४० हून जास्त राज्यांनी असं संपादन आवळणारे कायदे केले, काहींनी राज्याच्या घटनेतच दुरुस्ती केली. तेव्हा कांदेपट्टाताई, हक्क मूलभूत असला तरी 'सार्वजनिक' म्हणजे काय हे सरकारवर सोपवलं तर तो पोकळ होतो. आपल्याकडे याबद्दल काय स्थिती आहे?

कांदेपट्टा

एडिसनकर, नेमका मुद्दा. आपल्याकडे अलीकडे या बाबतीत बरं वारं आहे.

मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त चाळींचा कायदा आहे. १९८६ च्या दुरुस्तीने त्यात अशी सोय केली की ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर इमारत सरकारने घ्यायची आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यायची. दक्षिण मुंबईतलं गोठलेलं भाडं आणि त्याच्या शंभर पट! त्याविरुद्धच्या प्रकरणातून एक मोठा प्रश्न नऊ न्यायमूर्तींपुढे गेला: अनुच्छेद ३९(ब) मधली 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' म्हणजे देशातली प्रत्येक खाजगी वस्तू का? ५ नोव्हेंबर २०२४ ला बहुमताने उत्तर आलं की नाही, सरसकट नाही. त्या कायद्याचं पुढे काय होतं ते वेगळं, पण माणसाची प्रत्येक चीज मुळात समाजाची आणि त्याच्याकडे नुसती ठेवायला दिलेली, हा विचार त्या दिवशी मागे पडला. मी तो निकाल वाचायला घेतला आणि रात्री उशिरापर्यंत खाली ठेवला नाही.

२०२० मध्ये हिमाचलच्या एका ऐंशी वर्षांच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईंना सर्वोच्च न्यायालयाने भरपाई द्यायला लावली. त्यांची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली होती, संपादनाची कुठलीही कारवाई न करता. सरकारचा युक्तिवाद काय, तर इतकी वर्षं ताबा आमचा, म्हणून जमीन आमची. न्यायालयाने सांगितलं, कल्याणकारी राज्याला नागरिकाच्या जमिनीवर असा प्रतिकूल ताब्याचा हक्क सांगता येणार नाही.

मांजराकाठ, तुझ्या कामाचा निकाल मे २०२४ चा, कोलकाता महापालिकेच्या प्रकरणातला. ३००-अ मध्ये नुसतं 'कायद्याने घ्या' एवढंच नाही, त्यात सात गोष्टी येतात असं न्यायालय म्हणालं: नोटीस, म्हणणं ऐकणं, कारणांसह निर्णय, खरोखर सार्वजनिक प्रयोजन, रास्त मोबदला, वेळेत आणि नीट कारवाई, आणि शेवटी संपादन पूर्णत्वाला नेणं. हे हरकतीत शब्दशः लिहा. नवव्या परिशिष्टाबद्दलही परीक्षेसाठी एक लक्षात ठेव: २४ एप्रिल १९७३ नंतर त्यात घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीच्या, म्हणजे संसदेलाही बदलता न येणाऱ्या गाभ्याच्या, कसोटीवर तपासता येतात, हे २००७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी ठरवलं. ती तारीख केशवानंद भारती निकालाची. पालखीवालांनी तो खटला लढला आणि ७ विरुद्ध ६ असा निकाल आला. एका मताने आपण वाचलो.

मांजराकाठ

ताई, तुमचं वाचून त्याच रात्री गाडी पकडली. वडिलांना पटवायला वेळ लागला, पण हरकत मुदतीत दिली, पोच घेतली. बाजूच्या चार शेतकऱ्यांनीही दिल्या. बाणकोटकर दादांचंही आभार, त्यांच्यामुळे दुसरी बाजू नीट कळली. आमचे आजोबाही निजामाच्या काळात दुसऱ्याच्या शेतात राबलेले, त्यामुळे तो भाग वाचताना घरचं आठवलं.

एक शंका उरली आहे. गावात सगळे म्हणतात, पहिला चेक उचलला की पुढे काही मागता येत नाही. आणि मोबदला मान्य नसेल तर लवादाकडे जायचं म्हणतात, तर तो लवाद कोण असतो?

कांदेपट्टा

हरकत दिलीत, बरं केलंत.

लवाद केंद्र सरकार नेमतं. थ्री-जीच्या पाचव्या पोटकलमात तसंच लिहिलं आहे, आणि आपल्याकडे बहुधा महसूल खात्यातलेच वरिष्ठ अधिकारी असतात. जो जमीन घेतो तोच भावाचा वाद ऐकणारा नेमतो. सरकारवर मर्यादा हवी म्हणते ती अशा ठिकाणी. तरी जावंच लागतं, कारण त्याशिवाय पुढे जिल्हा न्यायालय गाठता येत नाही.

चेक उचलल्याने लवादाकडे जायचा हक्क जात नाही. पण उचलताना 'रक्कम मान्य नाही, हक्क राखून स्वीकारत आहोत' असं लेखी द्या आणि त्याचीही पोच घ्या. 'समाधानी आहोत' असं छापलेल्या कुठल्याही कागदावर वडिलांनी न वाचता सही करायची नाही, तलाठी घरचा असला तरी.

संयुक्त मोजणीच्या दिवशी तू स्वतः हजर राहा. विहीर, पाइपलाइन, मोटर, आंब्याचं-लिंबाचं प्रत्येक झाड पंचनाम्यात आलं पाहिजे. जे तिथे लिहिलं जात नाही त्याचे पैसे नंतर कुणी देत नाही. मोबाइलवर तारखेसह फोटो काढून ठेव. मागच्या तीन वर्षांत आसपासच्या गटांचे जे खरेदी-विक्रीचे व्यवहार झाले त्यांच्या नकला दुय्यम निबंधकाकडून आत्ताच मागव, रेडी रेकनरवर, म्हणजे सरकारी दरतक्त्यावर, विसंबू नकोस. ग्रामीण भागात बाजारभावाला गुणक लागतो आणि त्यावर शंभर टक्के सोलेशियम, हे २०१३ च्या भूसंपादन कायद्यातलं महामार्गालाही लागू आहे. निवाड्यात गुणक किती धरला ते आधी बघ.

आणि तुझ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं: पट्टा मधून गेल्याने जमिनीचे दोन तुकडे पडतात, विहिरीचं पाणी पलीकडच्या रानाला तोडलं जातं. या नुकसानीचा विचार करायला थ्री-जीच्या सातव्या पोटकलमाने सांगितलं आहे, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. रस्त्याखालून पाइप न्यायची परवानगी किंवा पलीकडे नवी विहीर घ्यायचा खर्च, दोन्ही आकडे काढून वेगळा अर्ज टाक. विहिरीचा उतारा, वीजबिल आणि तुझ्या गटाचा नकाशा एवढं मला व्यक्तिगत निरोपातून पाठव, अर्जाचा मसुदा मी करून देते.